सोसायटीचं सॉफ्टवेअर: आधी चौकीदाराच्या हातात चालू द्या

या वेळच्या पत्रांमध्ये एकच विषय सारखा येऊन राहिला, बिल्डिंगच्या मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर. कोणी बनवून राहिलं, कोणी विकत घेऊन राहिलं, कोणी घेऊन बसलंय आणि वापरतच नाही. मी बरीच वर्षं प्रोग्रामिंगचं काम केलं आणि आमच्या बिल्डिंगची सेक्रेटरी पण होते, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं ठाऊक आहे. सहा पत्रं घेतली, नावं कोणाचीच देत नाही, फक्त नागपुरातला कोणता भाग ते देते.

प्रश्न: ताई नमस्कार, मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझे बाबा मनीषनगरकडच्या चार बिल्डिंगचे मॅनेजर आहेत, सगळे मिळून शंभरच्या वर फ्लॅट. पंप, लिफ्ट, टाकी, सफाई, कोणाचं लिकेज, सगळं त्यांच्या डोक्यात नाहीतर एका लाल वहीत. त्यांच्यासाठी मी प्रोजेक्ट म्हणून ॲप बनवलं, लॉगिन, डॅशबोर्ड, ग्राफ, सगळं आहे. बाबांनी दोन दिवस वापरलं आणि परत वहीवर गेले. विचारलं तर म्हणतात चांगलं आहे रे, पण वेळ जातो. काय चुकलं?
(मनीषनगर)

उत्तर: भाऊ, तुझी मेहनत वाया गेली नाही, पण सुरुवात दुसऱ्या टोकाकडून झाली. डॅशबोर्ड हा पाहणाऱ्याच्या कामाचा, आणि तुझ्या बाबांना दिवसभर पाहत बसायला वेळच नसतो, त्यांना नोंद करायची असते, तीही लिफ्टच्या मशीनरूममध्ये एका हातात टॉर्च धरून. एक दिवस त्यांच्या शेजारी बस आणि ती लाल वही नीट वाच. मी अशा वह्या खूप पाहिल्या, एका ओळीत तारीख, बिल्डिंग, काय बिघडलं, कोणाला बोलावलं, किती दिले, आणि कडेला मिस्त्रीचा नंबर. ती ओळ लिहायला पंधरा-वीस सेकंद लागतात. तुझ्या ॲपमध्ये लॉगिन कर, बिल्डिंग निवड, कॅटेगरी निवड, मग तिच्या पोटातली कॅटेगरी, मग प्रायोरिटी, मग टाईप कर, एवढं करेपर्यंत पंप सुरू होऊन माणूस घरी पण गेलेला असतो. वहीपेक्षा कमी वेळात नोंद झाली पाहिजे, बाकी सगळं त्याच्या नंतर.

ते कसं करायचं ते सांगते. आधी वस्तूंची यादी कर. तक्रारींची करू नको, वस्तूंचीच कर. प्रत्येक बिल्डिंगमध्ये किती पंप, कोणता संपचा (जमिनीखालच्या टाकीचा) कोणता बोअरचा, लिफ्ट किती, वरच्या टाक्या किती, स्टार्टर पॅनल, जनरेटर, आग विझवायचे सिलिंडर, गच्चीवरची पाणी वाहून जायची तोंडं, गेटची मोटर. चार बिल्डिंगच्या शंभर-दीडशे वस्तू होतील, दोन रविवार लागतील, बाबांना घेऊन फिर आणि प्रत्येकीवर एक क्यूआरचं स्टिकर लाव, लॅमिनेट केलेलं, नाहीतर नागपूरच्या एका उन्हाळ्यात पांढरं पडेल. आता फोन स्टिकरवर धरला की थेट त्या पंपाचं पान उघडलं पाहिजे, बिल्डिंग-कॅटेगरी काही विचारायची गरजच नाही कारण ते स्टिकरलाच ठाऊक आहे. पानावर वर मागच्या पाच नोंदी, कॅपॅसिटर कधी बदलला, वाइंडिंग कधी केलं, कोणी केलं, त्याचा नंबर. खाली दोन मोठी बटणं, फोटो आणि आवाज. बस. तुझे बाबा बोलतील, "पंप नंबर दोन आवाज करून राहिला, बेअरिंग गेलं वाटते, मिस्त्रीला फोन केला" आणि नोंद झाली. टाईप नंतर रात्री कोणी करो की न करो.

लॉगिन रोज विचारू नको. आणि बेसमेंटमध्ये रेंज नसते हे धरूनच चाल. नोंद आधी फोनमध्येच सेव्ह व्हायला पाहिजे, लगेच "झालं" दिसलं पाहिजे, आणि वर आल्यावर रेंज मिळाली की आपोआप सर्व्हरवर जायला पाहिजे. त्यासाठी नोंदीचा नंबर सर्व्हरनी नाही, फोननीच तयार करायचा, म्हणजे अर्धवट रेंजमध्ये तीच नोंद दोनदा पाठवली गेली तरी सर्व्हरला कळतं की ही आधीच आलेली आहे. आणि प्रत्येक नोंदीत दोन वेगळ्या वेळा साठव, काम झालं ती वेळ आणि सर्व्हरवर पोचली ती वेळ, पुढे भांडण झालं की ही दोन वेळांची गोष्ट फार कामी येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी जीव तोडून सांगते. पंप बंद पडलाय हे पहिले कोणाला कळतं? बाबांना नाही, चौकीदाराला. रात्री दोन वाजता टाकी ओव्हरफ्लो होते तेव्हा जागा असलेला तो एकटाच माणूस असतो. आपल्याकडे बरेच चौकीदार बालाघाट, शिवनी, छिंदवाडा, छत्तीसगडकडून आलेले असतात, हिंदी बोलतात, काहींना वाचायला जड जातं. त्याच्यासाठी वेगळी स्क्रीन कर, चार चित्रं, पंप, लिफ्ट, पाणी, लाईट, आणि एक माईकचं बटण. तुझं सॉफ्टवेअर त्याच्या साध्या फोनवर, त्याच्या भाषेत, एका अंगठ्यानी चाललं तरच आत खरी माहिती येईल. नाहीतर बाबा रात्री आठवून आठवून भरतील, त्यातलं निम्मं सुटेल, आणि अशा माहितीवर कितीही सुंदर ग्राफ काढला तरी तो खोटाच.

कामाची स्थिती दाखवायला ते ओपन, इन प्रोग्रेस, क्लोज्ड ठेवू नको. बाबा फोनवर काय बोलतात तेच ठेव: "पाहिलं", "माणूस बोलावला", "सामान यायचं आहे", "झालं". फ्लॅटमधल्या माणसाला "इन प्रोग्रेस" मधून काही कळत नाही पण "सामान यायचं आहे" म्हटलं की तो समजून घेतो.

मग येतात तारखा. इथे बहुतेक जण एक चूक करतात, सगळ्या रिमाइंडरना एकच नियम लावतात. तारखा दोन जातीच्या असतात. एक, मागचं काम झालं तिथून मोजायच्या, जसं टाकी सफाई, तुमच्याकडे तीन महिन्यांनी ठरली असेल आणि या वेळी वीस दिवस उशिरा झाली तर पुढची पण तिथूनच मोजायची. दुसरी, कॅलेंडरला बांधलेली, तिला आपल्या उशिराशी काही घेणं-देणं नाही. आगीच्या कायद्याचं घे, महाराष्ट्राचा २००६ चा कायदा, तो ज्या बिल्डिंगला लागू आहे तिला लायसन्सवाल्या एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. जानेवारीचा मार्चमध्ये दिला म्हणून पुढचा सप्टेंबरला सरकत नाही. तसंच स्ट्रक्चरल ऑडिट, सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमावलीप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगला पाच वर्षांतून एकदा आणि ३० च्या वर गेली की तीन वर्षांतून एकदा, म्हणजे बिल्डिंगचं वय वाढलं की नियमच बदलतो, ते सॉफ्टवेअरला समजलं पाहिजे. आणि काही कामं आपल्या हवेची असतात, गच्चीवरची पाण्याची तोंडं मे संपायच्या आत साफ, कुलर लागायच्या आधी मार्चमध्येच बाल्कनीतल्या वायरी आणि अर्थिंग पाहणं, कारण ओला कुलर आणि कापलेली वायर यानी आपल्या विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं जातात.

रिमाइंडर एकाच माणसाला पाठवू नको. आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टचं एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, मार्चअखेर संपलं, कोणाच्याच ध्यानात नाही, मे महिन्यात लिफ्ट बंद पडली, मेंटेनन्सवाली कंपनी म्हणे आधी नवीन करार करा मग माणूस पाठवतो, आणि पाचव्या मजल्यावरच्या डायलिसिसच्या पेशंट आजींना चार जण खुर्चीत बसवून खाली नेत होते, भर दुपारी, जिन्यात श्वास घेता येत नव्हता इतकी गरमी. ती तारीख फाईलमध्ये होती ना, पहिल्याच पानावर. फक्त फाईल कोणी उघडली नाही. तेव्हापासून मी म्हणते, रिमाइंडर दीड महिना आधी, दोघांना, आणि कोणीतरी "झालं" म्हणून नवीन कराराचा फोटो टाकेपर्यंत दर आठवड्याला परत. नुसतं "पाहिलं" दाबून तो बंद होता कामा नये.

डॅशबोर्ड फेकू नको, ठेव, सहा महिन्यांनी नोंदी साचल्या की तुझ्या बाबांना तोच दाखव की पंप नंबर दोनवर या वर्षी चारदा खर्च झाला, आता नवीनच घेऊ. तेव्हा ते स्वतःहून पाहतील.

प्रश्न: आमची साठ फ्लॅटची सोसायटी आहे, मी सेक्रेटरी आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज शंभर मेसेज. लिफ्ट बंद पडली की बारा जण तेच लिहितात, मग कोणीतरी गुड मॉर्निंग टाकतो, मग कोणाचा वाढदिवस, आणि मी लिहिलेलं "टेक्निशियन पाच वाजता येईल" वर कुठेतरी गायब. नंतर तेच लोक म्हणतात मॅडम सांगत नाहीत. एक कंपनी ॲप दाखवून गेली. घ्यावं का, आणि ग्रुप बंद करावा का?
(त्रिमूर्तीनगर)

उत्तर: ताई, ग्रुप बंद करू नका, वाढदिवसाला पण जागा लागते आणि शेजारपण त्यानीच टिकतं. फक्त तक्रार आणि सूचना तिथून बाहेर काढा. ॲप घ्यायच्या आधी त्या कंपनीच्या माणसाला तुमच्यासमोर तीन गोष्टी करून दाखवायला लावा.

पहिली, एकाच लिफ्टची बारा जणांनी तक्रार केली तर तुमच्याकडे बारा नोंदी येतात की एक? एकच आली पाहिजे आणि बाकी अकरांना "ही नोंद आहे, तुम्हाला पण हाच त्रास आहे का" असं विचारून त्यात जोडलं पाहिजे. मग काम झालं की त्या बाराही जणांना आपोआप निरोप जायला पाहिजे.

दुसरी गोष्ट हीच, आणि माझ्या मते सगळं सॉफ्टवेअर यावरच तोलावं. निरोप वेगळा टाईप करावा लागतो की नोंदीतूनच निघतो? मॅनेजरनी पंपाच्या नोंदीवर "सामान यायचं आहे, उद्या दुपारी" एवढं दाबलं की रहिवाशांना तेवढंच, त्याच शब्दात पोचलं पाहिजे. काम एकीकडे लिहायचं आणि कळवायचं दुसरीकडे असं असलं की गडबडीत कळवणंच राहून जातं, हा माणसाचा दोष नाही हो, पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या हाताला ग्रीस असतं. निरोपात चार गोष्टी आल्या की लोक शांत होतात: काय बंद आहे, केव्हापासून, कोण पाहून राहिलं, आणि पुढचा निरोप कधी येईल. शेवटची सगळ्यात मोठी. लिफ्ट कधी सुरू होईल हे तुम्हाला ठाऊक नसेल तर खोटी वेळ देऊ नका, पण "सहा वाजता परत सांगते" हे तर तुमच्या हातात आहे, आणि सहा वाजता काहीच नवीन नसलं तरी "अजून सामान आलं नाही, आता आठला सांगते" असं सांगा. माझा अनुभव आहे, लोक लिफ्टवर कमी चिडतात, अंधारात ठेवलं यावर जास्त चिडतात.

तिसरी, तातडीचा निरोप वेगळा आहे का? २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आपल्या शहराला विसरता येत नाही. रात्रभर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी काठच्या वस्त्यांमध्ये घुसलं, लोक झोपेत. तिकडच्या एका बिल्डिंगमध्ये माझी मैत्रीण राहते. तिच्या चौकीदारानी पाणी गेटपाशी येताना पाहिलं, सेक्रेटरीला फोन लावला, फोन सायलेंटवर. त्यानी मग जिन्यानी वर जाऊन एकेक बेल वाजवली, तीन मजले झाले तोवर बेसमेंट भरलं, गाड्या गेल्या. वरच्या मजल्यांवरच्या कोणाला काही कळलंच नाही. ग्रुपवर कोणीतरी फोटो टाकला होता म्हणे, पण पहाटे ग्रुप कोण पाहतं, आणि बऱ्याच जणांनी तो रात्री म्यूट करून ठेवलेला असतो.

म्हणून सूचना तीन पायऱ्यांची पाहिजे. जिवाला किंवा गाडीला धोका असेल तर प्रत्येक घरात फोनच वाजला पाहिजे, म्हणजे आपोआप कॉल, उचलला नाही तर घरातल्या दुसऱ्या नंबरवर. आज पाणी येणार नाही, लिफ्ट बंद, असं असेल तर साधी सूचना. आणि मीटिंग, हळदीकुंकू, रंगकामाचं कोटेशन हे सगळं दिवसातून एकदाच संध्याकाळी एकत्र. पहिली पायरी कोणीही रोज वापरायला लागलं की लोक तिला पण म्यूट करतील, म्हणून ती मोजक्या हातात ठेवा. पण त्या हातांमध्ये रात्रपाळीच्या चौकीदाराचा हात नक्की ठेवा. त्याला टाईप करायला लावू नका, "पाणी घुसलं", "आग", "गॅसचा वास" असे निरोप आधीच लिहून, आवाजात रेकॉर्ड करून ठेवा, त्यानी फक्त बटण दाबायचं. चुकून दाबलं तर साठ घरं उठतील, उठू द्या. आणि वर्षातून एकदा पावसाळ्याच्या आधी सगळ्यांना सांगून ते बटण वाजवून पहा.

या तिन्ही गोष्टी ॲपमध्ये दिसल्या तर घ्या. नाही दिसल्या तर अजून थोडे महिने ग्रुपवरच काढा, पण फक्त ॲडमिनच लिहू शकेल असा दुसरा ग्रुप सूचनांसाठी उघडा, त्यानी पण बराच फरक पडतो.

प्रश्न: मी ७४ वर्षांचा आहे, आम्ही दोघंच राहतो. कमिटीनी ॲप आणलं आणि नोटीस बोर्ड काढून टाकला. माझ्याकडे बटणाचा फोन आहे. मागच्या महिन्यात दोन दिवस पाणी बंद राहणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आम्हाला नाही. ज्यांना ॲप जमत नाही त्यांनी काय करावं?
(धरमपेठ)

उत्तर: काका, तुम्ही काहीच करायचं नाही, करायचं आहे ते कमिटीनी. बोर्ड काढला ही चूकच झाली आणि हे उत्तर तुम्ही त्यांना दाखवा.

सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक घरापुढे एक खूण असायला पाहिजे, या घरी निरोप कसा पोचतो: ॲप, एसएमएस, फोन, की कागद. तुमच्या घरापुढे एसएमएस आणि कागद. सूचना निघाली की ज्या घरांपुढे कागद आहे त्यांची यादी आणि छापलेली पानं मॅनेजरला आपोआप मिळाली पाहिजेत, चौकीदारानी दार वाजवून द्यायची आणि दिल्याची खूण करायची. दहा-बारा घरं असतील, त्याला पंधरा मिनिटं लागत नाहीत. आणि लिफ्टच्या शेजारी बोर्डावर एक प्रत, मोठ्या अक्षरात. घरकामाच्या बाया, दूधवाला, पाहुणे, भाडेकरू, हे सगळे बोर्डच वाचतात.

बनवणाऱ्यांसाठी इथे एक कामाची गोष्ट. एसएमएस मराठीत पाठवायचा असेल तर एका मेसेजमध्ये ७० च अक्षरं बसतात, इंग्रजीत १६०. आणि मोबाईल काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण सगळं वेगळं मोजतो, म्हणजे "लिफ्ट" आपल्याला दोन अक्षरी वाटतं पण हिशोबात पाच. जास्त झालं की मेसेजचे तुकडे होतात आणि पैसे प्रत्येक तुकड्याचे. म्हणून "आदरणीय सभासद यांना कळविण्यात येते की" हे सगळं सोडा आणि "उद्या मंगळ १०-५ पाणी बंद. आज भरून ठेवा." असं लिहा, ते ७० मध्ये आरामात बसतं आणि काकांना पण पटकन समजतं. शिवाय ट्रायच्या (टेलिकॉमवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमानी सोसायटीचं नाव आणि मेसेजचा साचा आधी डीएलटीवर, म्हणजे मोबाईल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, नोंदवावा लागतो, नोंद नसलेला मजकूर पुढे जातच नाही, त्यामुळे हे काम पाणी बंद व्हायच्या आदल्या रात्री करायचं नसतं.

प्रश्न: मी दोन मित्रांसोबत बिलिंगचा भाग लिहून राहिलो. एका बिल्डिंगनी सांगितलं सगळ्यांना सारखी रक्कम, दुसरी म्हणते फ्लॅटच्या आकारावर. आम्ही दोन्हीसाठी एकच फॉर्म्युला लावून पाहिला तर दोन्हीकडे भांडणं. बरोबर कोण?
(सोमलवाडा)

उत्तर: दोन्ही बरोबर असू शकतात. तुमच्या पहिल्या स्क्रीनवर एक प्रश्न पाहिजे होता, ही बिल्डिंग सहकारी सोसायटी आहे की अपार्टमेंट? नागपुरात अपार्टमेंट खूप आहेत, म्हणजे १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली डीड ऑफ डिक्लरेशन (नोंदणी केलेलं घोषणापत्र) केलेल्या बिल्डिंग. तिथे सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभाजित हिश्श्याच्या टक्केवारीनी वाटायचा असतो, आणि ती टक्केवारी डीडमध्ये लिहिलेली असते, तुम्ही स्क्वेअर फुटावरून काढायची गरज नाही, डीड मागा आणि तेच आकडे भरा. सोसायटी १९६० च्या सहकारी कायद्याखाली येते, तिथे २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे सर्व्हिस चार्जेस सगळ्या फ्लॅटना सारखे, लिफ्टचा खर्च पण सारखा, तळमजल्यावाल्याला पण, पाण्याचे पैसे नळांच्या संख्येवर, दुरुस्ती निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला कमीत कमी पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी, कमीत कमी पाव टक्का. म्हणजे एकाच बिलात पाच ओळी आणि वाटपाचे नियम वेगवेगळे. तुमचा एकच फॉर्म्युला इथेच तुटला.

तेव्हा प्रत्येक ओळीला तिचा स्वतःचा वाटपाचा नियम जोडा. दर, व्याज, मुदत हे काहीच कोडमध्ये पक्कं लिहू नका, सभेच्या ठरावाची तारीख लावून ठेवा, म्हणजे जुनं बिल परत काढलं तर जुन्याच दरानी निघेल. रक्कम पैशांमध्ये पूर्ण आकड्यात साठवा, दशांशात ठेवली की वर्षाअखेर सतरा पैसे कुठे गेले हे शोधत बसाल. आणि कोणतीही नोंद पुसता येता कामा नये. चुकीची पावती झाली तर उलटी नोंद करायची, जुनी तशीच दिसत राहिली पाहिजे. ऑडिटरला हेच लागतं आणि सेक्रेटरीवर उद्या कोणी बोट दाखवलं तर तिला वाचवतं पण हेच.

यूपीआयचा एक त्रास सगळीकडे आहे, पैसे येतात पण कोणाचे ते कळत नाही, नवऱ्याच्या खात्यातून येतात, मुलाच्या पुण्याच्या खात्यातून येतात. प्रत्येक बिलावर त्या बिलाचाच क्यूआर छापा, त्यात रक्कम आणि फ्लॅट नंबरची टीप आधीच भरून ठेवता येते. तरी काही राहतीलच, त्यांच्यासाठी "ओळख पटली नाही" असं एक खातं ठेवा आणि यूटीआर नंबरवरून (बँकेच्या व्यवहार क्रमांकावरून) जुळवा, अंदाजानी कोणाच्या नावावर टाकू नका.

प्रश्न: टाकीत सेन्सर लावून पाण्याची लेव्हल सगळ्यांच्या मोबाईलवर दाखवायची आहे. उन्हाळ्यात टँकर कधी मागवायचा ते कळेल. खर्च करावा का?
(हिंगणा रोड)

उत्तर: करा, पण फक्त सेन्सरच्या भरवशावर पंप सोडू नका. टाकीच्या झाकणाला लावतात तो सेन्सर आवाज खाली पाठवतो आणि परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. आवाजाचा वेग गरमीनी वाढतो, २० डिग्रीला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर तर ४५ डिग्रीला ३५८ च्या जवळ, म्हणजे तापमानाचा हिशोब न लावणारा सेन्सर आपल्या मे महिन्यात चार टक्क्यांनी चुकेल, आणि आतल्या हवेत तर ४५ च्या वर पण जाईल. त्यावर झाकणाला जमणारे पाण्याचे थेंब. म्हणून तापमान पण मोजणारा घ्या आणि सोबत साधा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा) ठेवाच, पंप बंद करायचं काम त्याच्याकडे राहू द्या.

सॉफ्टवेअरनी आलेला प्रत्येक आकडा खरा मानू नये. मे २०२४ च्या शेवटी आपल्याच शहरात एका स्वयंचलित हवामान केंद्रानी ५६ डिग्री दाखवले, देशभर बातमी झाली, मग हवामान खात्यानी सांगितलं की सेन्सर बिघडला होता. टाकी दहा मिनिटांत अर्धी झाली किंवा सहा तास एकच आकडा येऊन राहिला तर रहिवाशांना काही दाखवायचं नाही, आधी चौकीदाराला निरोप, वर जाऊन पाहा. त्यानी झाकण उघडून पाहिलेलं सेन्सरपेक्षा मोठं मानायचं. आणि लोकांना टक्के दाखवू नका, "रात्रीपर्यंत पुरेल", "जपून वापरा", "टँकर मागवला" असं दाखवा.

प्रश्न: मेंटेनन्स थकवणाऱ्यांची नावं ॲपवर सगळ्यांना दिसतील असं करता येईल का? आणि कमिटी बदलली की जुना डेटा कोणाचा?
(जरीपटका)

उत्तर: करता येईल पण करू नका. थकबाकी ज्याची त्याला पूर्ण दिसावी, कमिटीला आणि ऑडिटरला सगळ्यांची दिसावी, बाकीच्यांना फक्त एकूण आकडा. कोणाच्या घरी नोकरी गेलेली असते, कोणी आजारी असतं, आणि स्क्रीनशॉट एकदा बाहेर गेला की परत येत नाही. वसुलीला कायद्याचा रस्ता आहे, सोसायटीला रजिस्ट्रारकडून वसुलीचा दाखला मिळतो, आणि तिथे तुमच्या नीट ठेवलेल्या बिलांच्या आणि पाठवलेल्या नोटिसांच्या तारखाच कामी येतात. फोन नंबर, भाडेकरूंची कागदपत्रं यांना पण हेच, ज्याला कामासाठी लागतं त्यालाच दिसावं, वैयक्तिक डेटाचा २०२३ चा कायदा आपल्याकडे आलेला आहे.

डेटा बिल्डिंगचा. म्हणून खातं सेक्रेटरीच्या स्वतःच्या ईमेलवर कधीच उघडू नका, सोसायटीच्या नावानी वेगळा ईमेल आणि वेगळं सिमकार्ड घ्या, ते सिम ऑफिसच्या कपाटात. कंपनीसोबत करार करताना लिहून घ्या की सगळ्या नोंदी, फोटोंसकट, एक्सेलमध्ये काढून मिळतील, आणि सही करायच्या आधी एकदा काढून पहा. दर तीन महिन्यांनी एक प्रत पेनड्राईव्हवर. नवीन कमिटी आली की चार्ज देताना किल्ल्यांचा जुडगा, चेकबुक, लिफ्टची फाईल देता ना, त्याच यादीत हा पेनड्राईव्ह आणि ते सिमकार्ड पण लिहा, आणि दोघांच्या सह्या घ्या.